जुने बास्केटबॉलपटू: खरंच कोणाला बघायचं राहून गेलं?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांना संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, स्टेफ करीच्या वेडापायी एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघायला लागला, आणि त्याच्या ग्राउंडवरचे सिनियर त्याला सारखे ऐकवतात की तुम्ही पोरांनी काय बघितलंय, विल्ट बघायला हवा होता, रसेल बघायला हवा होता, मॅराविच, डॉक्टर जे वगैरे वगैरे. याने यूट्यूबवर शोधलं तर सापडलं काय, तर काळ्यापांढऱ्या धुरकट क्लिपा, सगळे एकाच हाताने ड्रिबल करतायत, डिफेन्सवाला नुसता उभा. म्हणून तो विचारतोय की यातलं खरंच कोण बघण्यासारखं होतं, कोण नुसतं आठवणींवर मोठं झालंय, आणि लोक टोमणा मारतात तसे त्यांच्यासमोर खरंच सगळे पोटासाठी दुसरी नोकरी करणारे प्लंबर आणि फायरमनच होते का.

आधी माझी बाजू सांगतो. मी बरीच वर्षं पोरापोरींना कोचिंग करतोय, त्याआधी क्लबकडून खेळलो, आणि जिल्हा पातळीवर शिट्टीही वाजवलीये आणि टेबलवर बसून स्कोअरशीटही लिहिलीये. साठच्या दशकातलं कोणी मी समोर बसून बघितलेलं नाही, माझंही जे बघणं झालंय ते टेपांवरच. पण टेप बघण्यात आणि क्लिप बघण्यात फार फरक आहे, त्यावर शेवटी येतो.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न कोण भारी हा नाहीयेच. त्यावर लोक गेली कित्येक वर्षं भांडतायत, भांडू देत. तुझा प्रश्न असा आहे की कोणाला बघायचं राहिलं म्हणून खरोखर हळहळावं. हा वेगळा प्रश्न आहे आणि उत्तरही वेगळं येतं. जॉर्डनसाठी कशाला हळहळायचं? त्याचं सगळं रेकॉर्डेड आहे, रंगीत आहे, चार अँगलने आहे, आज रात्री बसलास तर १९९८ची फायनल पहिल्या मिनिटापासून बघू शकतोस. मॅजिक, बर्ड, करीम, हकीम, सगळे तसेच. हळहळ कोणाची वाटायला पाहिजे, तर ज्यांचा खेळ ना आकड्यांत उतरला, ना कॅमेऱ्यात. माझं सगळं उत्तर या एकाच मुद्द्यावर उभं आहे.

आता हे बऱ्यापैकी तुझ्यावर पण अवलंबून आहे. तुला शूटिंग बघायला आवडतं की पासिंग, तू स्वतः गार्ड खेळतोस की पोस्टला, यावर तुझी यादी बदलेल. माझा कल डिफेन्सकडे आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी सूट धरता येईल.

स्कोअरशीटचं का म्हणालो ते सांगतो. आपल्याकडे जिल्हा, राज्य कुठल्याही स्पर्धेत टेबलवर जी फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेची) अधिकृत शीट असते ना, ती कधी नीट बघितलीयेस का? उजवीकडे रनिंग स्कोअर, १ ते १६० आकडे छापलेले, ज्याने बास्केट केली त्याचा नंबर तिथे टाकायचा, तीन पॉइंट असेल तर नंबरभोवती गोल. डावीकडे खेळाडूंची नावं, त्यांच्यापुढे फाउलचे पाच चौकोन, टीम फाउल, टाइमआउट. संपलं. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) नाही, असिस्ट (बास्केट करून देणारा पास) नाही, स्टील (बॉल हिसकावणं) नाही, ब्लॉक (शॉट हवेत अडवणं) नाही. मोठ्या स्पर्धेत वेगळे स्टॅटिस्टिशियन बसतात तो भाग निराळा, पण आपल्या बहुतेक मॅचेसचा कायमचा रेकॉर्ड म्हणजे हा एक कागद. माझ्याकडे एक मुलगी होती, समोरच्या टीमच्या बेस्ट स्कोअररला ती अक्षरशः बॉलला हात लावू द्यायची नाही. शीटवर तिच्या नावापुढे काय, तर चार पॉइंट, तीन फाउल. सिलेक्शनला कागद बघणाऱ्यांना ती दिसलीच नाही, आणि तिने ज्यांना अडवलं त्यातल्या दोघी टीममध्ये आल्या. असो.

एनबीएमध्येही वर्षानुवर्षं थोडंफार हेच चालू होतं. रिबाउंड आणि असिस्ट मोजायचे, पण ब्लॉक आणि स्टील अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली १९७३-७४च्या सीझनला. टर्नओव्हर (बॉल घालवणं) तर १९७७-७८पासून. तीन पॉइंटची रेघ आली १९७९-८०ला. म्हणजे त्याआधीच्या खेळाडूचे आकडे आज कोणी समोर फेकले, तर तो माणूस तुला अर्धीच शीट दाखवतोय.

आणि या अर्ध्या शीटचा सगळ्यात मोठा फटका बसला बिल रसेलला. म्हणून माझ्या यादीत तो पहिला, आणि दुसऱ्यात नि त्याच्यात बरंच अंतर आहे.

रसेलचे नुसते आकडे वाचले तर काय दिसतं? करिअरचे मॅचमागे १५ पॉइंट, फ्री थ्रो जेमतेम ५६ टक्के, शूटिंग ४४ टक्के. सेंटरसाठी हे काहीच नाही. रिबाउंड बावीसच्या वर आहेत, पण तेव्हा सगळेच भसाभस शॉट मारायचे नि चुकवायचे, त्यामुळे रिबाउंडही ढिगाने असायचे. आणि तरी हा माणूस १९५६ ते १९६९ या तेरा सीझनमध्ये बोस्टन सेल्टिक्सकडून अकरा टायटल जिंकला. त्याआधी सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीकडून १९५५ आणि १९५६ची एनसीएए (अमेरिकन कॉलेजांच्या स्पर्धेची) टायटल, त्याच १९५६ला मेलबर्न ऑलिम्पिकचं गोल्ड. सातव्या निर्णायक मॅचमध्ये दहापैकी दहा वेळा जिंकलाय. शेवटची दोन टायटल तर तो स्वतःच कोच असताना जिंकली, आणि एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोचही तोच. गंमत बघ, फायनल एमव्हीपीचं, म्हणजे फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं, बक्षीस सुरू झालं १९६९ला, रसेलच्या शेवटच्या सीझनला, आणि ते गेलं कोणाला, तर हरलेल्या लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला. म्हणजे अकरा टायटलवाल्याकडे एकही फायनल एमव्हीपी नाही आणि आज त्या बक्षिसाला नाव मात्र रसेलचं आहे.

त्याचं नेमकं काय बघायचं होतं? ब्लॉक. पण आपल्याकडची पोरं ब्लॉक मारतात तसा नाही. आपल्याकडे काय होतं, पोरगा उडी मारतो, बॉलला थाडकन चापट मारून प्रेक्षकांत पाठवतो, सगळे ओरडतात, आणि साइडलाइनवरून बॉल परत त्याच टीमला. मिळालं काय? काही नाही. रसेल चापट मारायचाच नाही. तो डावखुरा, आणि बहुतेक शूटर उजव्या हाताने मारणारे, त्यामुळे समोरासमोर आला की त्याचा लांब डावा हात आपोआप शूटिंगच्या हातासमोर यायचा. बोटांनी नुसता टॅप, बॉल वर किंवा बाजूला, कोर्टच्या आतच, आणि तो स्वतः उचलणार किंवा टीममधल्या के. सी. जोन्सच्या हातात जाणार, आणि पुढच्या दोन सेकंदांत फास्ट ब्रेक. म्हणजे समोरच्याचे दोन गेले आणि याचे दोन झाले, एका टॅपमध्ये चार पॉइंटचा फरक, आणि कागदावर त्याची नोंद शून्य. मी हे पोरांना शिकवायचा प्रयत्न करतो, चारपाच प्रॅक्टिस जमतं, मॅचला कोणीतरी शिट्ट्या मारल्या की परत चापट सुरू.

दुसरी गोष्ट अजूनच अवघड. रसेल सगळे शॉट ब्लॉक करायला जायचाच नाही. दोनतीनदा केलं की समोरच्याच्या डोक्यात तो बसायचा, मग तो तिथे नसला तरी लोक ले-अप घाईत मारायचे, वरून उंच टाकायचे. हे आजही मोजता येत नाही नीट. आजचा कॅमेरा प्रत्येक खेळाडूचं पाऊल टिपतो, तरी भीतीने बदललेला शॉट कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून हा माणूस समोर बसूनच बघायला हवा होता, तोही पूर्ण मॅच, त्याच्याकडे बॉल नसताना.

विल्टचं मात्र माझं मत जरा वेगळं आहे, आणि यावर शिव्या पडतील हे माहीत आहे. विल्ट चेंबरलेनचा खेळ आकड्यांत पुरेपूर उतरलाय. १९६१-६२ला मॅचमागे ५०.४ पॉइंट आणि मॅचमागे साडेअठ्ठेचाळीस मिनिटं, मॅच असते अठ्ठेचाळीसची, म्हणजे जवळपास एक मिनिटही बसला नाही आणि ओव्हरटाइमही खेळला. (त्या वर्षीचा एमव्हीपी तरीही रसेल. तेव्हा मत खेळाडूच द्यायचे.) लोक म्हणतात शंभर पॉइंटची मॅच बघायला हवी होती. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी नावाचं चॉकलेटचं गाव, चार हजारच्या आसपास प्रेक्षक, टीव्ही नाही, फिल्म नाही, चौथ्या क्वार्टरची रेडिओ कॉमेंट्री तेवढी वाचली. पण ती मॅच कशी झाली ते माहितीये का? शेवटी शेवटी समोरचे न्यूयॉर्क निक्सवाले विल्टला बॉल मिळू नये म्हणून दुसऱ्यांनाच फाउल करत होते आणि विल्टची टीम बॉल लवकर परत मिळावा म्हणून निक्सना फाउल करत होती. १६९-१४७. रेफरी म्हणून विचार केला तर मला त्या रात्री तिथे असायला अजिबात आवडलं नसतं. त्या मॅचमधली एकच गोष्ट मला बघायची आहे, त्याचे फ्री थ्रो. एरवी हा माणूस फ्री थ्रोला निम्मे चुकवायचा, पण त्या सीझनला तो दोन्ही हातांनी खालून टाकत होता आणि त्या रात्री ३२पैकी २८ गेले. पुढे सोडून दिलं, का तर बायकी वाटतं म्हणून. मी अंडरहँड शिकवायला गेलो की आमची पोरंही हेच म्हणतात, साठ वर्षांत काही फरक नाही.

आता प्लंबर. रसेलच्याच सेल्टिक्समधला गार्ड बॉब कूझी, त्याच्या क्लिपा बघून सगळे हसतात, की हा तर उजव्या हातानेच ड्रिबल करतो, याला कोणीही अडवेल. इथे मला रेफरी म्हणून बोलायचंय. तेव्हा ड्रिबल करताना हात बॉलच्या वरच ठेवावा लागायचा, तळवा बाजूला सरकला किंवा खालून आला की कॅरी, शिट्टी. आज तू ग्राउंडवर जो क्रॉसओव्हर मारतोस, हेझिटेशन मारतोस, त्यातल्या बहुतेकांवर त्या काळात बॉल गेला असता. करून बघ, उद्या ग्राउंडवर दहा मिनिटं तळवा फक्त बॉलच्या वर ठेवून, खाली न घेता पूर्ण वेगात ड्रिबल कर, डिफेन्सला मित्र उभा कर, आणि मग कूझी बघ. त्या नियमात तो पाठीमागून ड्रिबल घेत होता, न बघता पास देत होता, आणि सलग आठ सीझन असिस्टमध्ये पहिला होता.

नोकऱ्यांचं मात्र खरं आहे, सीझन संपला की बरेच खेळाडू दुसरं काहीतरी काम करायचे, कारण पगारच तेवढे होते. १९६४च्या ऑल स्टार मॅचला तर खेळाडू पेन्शनची बोलणी होईपर्यंत ड्रेसिंग रूममधून बाहेर यायलाच तयार नव्हते, टीव्हीवर मॅच लागायची वेळ झाली तरी. पण नोकरी करायचे म्हणजे खेळता येत नव्हतं असं थोडीच आहे? आपल्याकडे रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी करून भारताकडून खेळलेले कितीतरी आहेत. उलट हे लक्षात घे, की रसेलच्या सुरुवातीला लीगमध्ये टीमच आठ. म्हणजे जगातले शंभरएक खेळाडू. विल्ट आणि रसेल एकमेकांसमोर आले ते १४०हून जास्त वेळा. कमजोर डिफेन्स वगैरे ठीक आहे, पण दर पंधरा दिवसांनी समोर तोच राक्षस येणार हे कोणाला परवडतं सांग. एक मात्र कबूल करायलाच हवं, त्या आठ टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे याची न लिहिलेली मर्यादा असायची, त्यामुळे सुरुवातीच्या काळात लीग असायला हवी होती तेवढी तगडी नव्हती. म्हणून पन्नासच्या दशकातले आकडे मी जरा जपूनच धरतो.

एल्जिन बेलर. हे नाव तुझ्या सिनियरनी घेतलं नाही, म्हणजे तेही यादी वाचूनच बोलतात असं दिसतंय. बेलर साधारण सहा फूट पाच इंच, आणि हवेत गेल्यावर निर्णय घेणारा पहिला मोठा खेळाडू. त्याच्याआधी लोक उडी मारायचे ती काय करायचं ते ठरवून. हा वर जायचा, डिफेंडर पण जायचा, डिफेंडर खाली यायला लागला की हा हात बदलून टाकायचा. डॉक्टर जे, जॉर्डन, कोबी, या सगळ्यांचं मूळ तिथे आहे. १९६१-६२ला तो अमेरिकन सैन्याच्या राखीव दलात वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईसला ड्युटीवर होता, सुट्टी मिळेल तेव्हा विमानाने यायचा, प्रॅक्टिस नाही काही नाही, मॅच खेळायचा आणि परत. ४८ मॅच खेळला, सरासरी ३८.३. त्याच वर्षी फायनलच्या पाचव्या मॅचला बोस्टनमध्ये जाऊन ६१ पॉइंट मारले, समोर कोण तर रसेलची टीम. फायनलचा तो रेकॉर्ड कित्येक वर्षं कोणाला मोडता आलेला नाही, जॉर्डनला पण नाही.

आणि तो नुसता स्कोअरर नव्हता. १९५९च्या जानेवारीत वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला हॉटेलने कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या, तर हा पहिल्याच सीझनचा पोरगा त्या रात्री मॅच खेळलाच नाही. १९६५ला प्लेऑफमध्ये गुडघ्याची वाटी फाटली, त्यानंतर चांगला खेळला पण ती उडी गेली. म्हणजे खरा बेलर सात सीझनचा, आणि त्या सात सीझनचं फुटेज फार थोडं. १९७१ला नऊ मॅच खेळून रिटायर झाला, आणि लेकर्सनी पुढच्याच मॅचपासून सलग ३३ जिंकल्या, वर टायटलही. नशीब म्हणतात ते हे.

पीट मॅराविच तुला आवडणारच, कारण करी आवडतो. लुइझियाना स्टेटकडून तीन वर्षं सरासरी ४४.२, एकूण ३,६६७ पॉइंट, तीन पॉइंटची रेघ नसताना, आणि फर्स्ट इयरला कॉलेजच्या मुख्य टीममध्ये खेळायला तेव्हा परवानगीच नव्हती, नाहीतर चार वर्षं झाली असती. हा रेकॉर्ड २०२४ला केटलिन क्लार्कने मोडला. कारकिर्दीच्या शेवटच्या सीझनला, १९७९-८०ला, एनबीएत रेघ आली, तोवर गुडघे गेले होते, तरी १५पैकी १० तीन मारले. पण कोच म्हणून खरं सांगू का, तिकीट काढून बघायला पीट, टीममध्ये घ्यायला मी चारदा विचार करीन. कॉलेजमध्ये बाप कोच, मुलाला मोकळं रान, आणि टीम एकदाही एनसीएए स्पर्धेत गेली नाही. त्याचे न बघता दिलेले पास क्लिपमध्ये जबरदस्त दिसतात, ते पास ज्यांच्या तोंडावर आपटले ते क्लिपमध्ये नसतात. १९८८ला चाळिसाव्या वर्षी मित्रांबरोबर साधी मॅच खेळताना कोर्टवरच गेला, नंतर पोस्टमार्टममध्ये कळलं की हृदयाची डावी धमनी जन्मापासून नव्हतीच. अशा हृदयावर माणूस दहा वर्षं एनबीए खेळला.

डॉक्टर जेबद्दल एवढंच, की तुला यूट्यूबवर जो दिसतो तो फिलाडेल्फियाचा ज्युलियस अर्व्हिंग, १९८०च्या फायनलमधला तो बोर्डाच्या मागून फिरून आलेला ले-अप वगैरे. तो आधीचा अर्व्हिंग नाही. आधीची पाच वर्षं तो एबीए नावाच्या दुसऱ्या लीगमध्ये होता, लाल-पांढरा-निळा बॉल, टीव्हीवर नावापुरती, अर्ध्या टीम दिवाळखोरीत. १९७४ आणि १९७६ला आपल्या टीमला, नेट्सला, टायटल दिलं, १९७६ला डेन्व्हरला फ्री थ्रोच्या रेघेवरून डंक मारला, आणि त्याच उन्हाळ्यात लीग बुडाली, चार टीम एनबीएत घेतल्या, नेट्सना पैशाची चणचण म्हणून त्यांनी त्याला विकून टाकलं. त्याच लीगचा पहिला एमव्हीपी कॉनी हॉकिन्स. त्याला १९६१च्या सट्टेबाजीच्या प्रकरणात नाव गोवून एनबीएने बंदी घातली, त्याच्यावर कधी काही सिद्धच झालं नाही, केस करून १९६९ला घुसला तोवर सत्ताविशी पार झालेली. त्याची ऐन उमेदीची वर्षं छोट्या लीगमध्ये आणि हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या करमणुकीचे सामने खेळणाऱ्या टीमबरोबर गेली. हा मोठा हाताचा, एका हाताने बॉल धरून नाचवणारा माणूस विशीत कसा होता हे बघायला मी एनबीएची दोनतीन टायटलं सोडून देईन.

सॅबोनिस. तू डोमँटस सॅबोनिसला ओळखतोस, हा त्याचा बाप, आर्व्हिडास, लिथुआनियाच्या काउनसचा, २ मीटर २१. तुझ्या वयाच्या पोरांना मी हे असं सांगतो की आजचा डेन्व्हरचा सेंटर योकिच घे, त्याला अर्धा फूट उडी जास्त दे आणि फास्ट ब्रेकला सगळ्यांच्या पुढे पळव. एनबीएच्या पोर्टलंडने त्याला १९८६ला ड्राफ्ट केलं, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत घेतलं, पण सोव्हिएत सरकार सोडेना, आणि त्याच सुमारास घोट्यामागची अकिलीस नस तुटली, पुन्हा तुटली. १९८८च्या सोल ऑलिम्पिकआधी उपचार करून दिले पोर्टलंडनेच, आणि हा तिथे जाऊन अमेरिकेलाच सेमीफायनलमध्ये ८२-७६ हरवून गोल्ड घेऊन आला. अमेरिकेत त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. शेवटी एनबीएत आला १९९५ला, तिशी गाठलेली, पळता येत नव्हतं, आणि तरी नुसत्या पासिंगवर आणि डोक्यावर लोकांना नाचवलं. केबलवर तेव्हा आम्ही जो बघितला तो हा सॅबोनिस, आणि तोही इतका भारी होता की आधीचा काय असेल हा विचार करून त्रास होतो.

बायकांचा बास्केटबॉल या चर्चेत कोणी काढतच नाही, खरं तर हळहळायचं असेल तर इथे जास्त कारण आहे. शेरिल मिलर, रेजी मिलरची मोठी बहीण. १९८२ला शाळेच्या एका मॅचमध्ये १०५ पॉइंट, यूएससी कॉलेजकडून १९८३ आणि १९८४ची टायटल, १९८४चं ऑलिम्पिक गोल्ड, नंतर गुडघा गेला. डब्ल्यूएनबीए सुरू झाली १९९७ला, तोवर ती कोच होऊन बसली होती. आणि उल्याना सेम्योनोवा, लॅटव्हियाची, सात फूट, १९७६ आणि १९८०चं ऑलिम्पिक गोल्ड, सोव्हिएत टीमकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच एकही हरली नाही. एकही नाही. हे नाव तुझ्या सिनियरना विचारून बघ.

आणि आपल्याकडचं? मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएचं कोर्ट आहे, त्या एवढ्याशा वस्तीने भारताला किती खेळाडू दिले याची गणती नाही. अब्बास मुन्तसिर तिथले, १९७०चा अर्जुन पुरस्कार, भारताचे कॅप्टन. भारत ऑलिम्पिक बास्केटबॉल एकदाच खेळलाय, १९८०ला मॉस्कोला, त्यात अजमेर सिंग होते. ही माणसं बघितलेले लोक अजून आहेत, नागपाड्यात संध्याकाळी कोर्टच्या कडेला बसतात, चहा पाजलास तर तासभर बोलतील. रसेलबद्दल तुला कोणी पहिल्या हाताने सांगणारा भेटणार नाही, यांच्याबद्दल भेटेल, आणि हे जास्त दिवस राहणार नाही.

आता टेप कशी बघायची ते, कारण नाहीतर तुला परत प्लंबरच दिसतील. क्लिप बंद, पूर्ण मॅच लाव. १९७७च्या फायनलची सहावी मॅच, पोर्टलंड विरुद्ध फिलाडेल्फिया, रंगीत आहे, आणि बिल वॉल्टनचे त्यात २० पॉइंट, २३ रिबाउंड, ७ असिस्ट, ८ ब्लॉक आहेत. आवाज बंद कर. पहिला क्वार्टर बॉलकडे बघायचंच नाही, फक्त वॉल्टनकडे. कागद घे आणि दोनच रकाने कर, एकात त्याने शॉट ब्लॉक केला तेव्हा रेघ, दुसऱ्यात त्याला बघून समोरच्याने शॉट बदलला किंवा पास बाहेर दिला तेव्हा रेघ. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा झपाट्याने भरतो. मी हे अंडर-सिक्स्टीनच्या पोरांकडून करून घेतो, सुरुवातीला कंटाळतात, मग मॅच थांबवून भांडतात की ही रेघ धरायची की नाही. रिबाउंड घेतल्यावर तो खाली यायच्या आत बॉल कुठे जातो तेही बघ, पाय टेकायच्या आधीच आउटलेट पास, म्हणजे फास्ट ब्रेक सुरू करणारा पास, निघालेला असतो. याची सवय झाली की मग साठच्या दशकातलं रसेलचं जे काही तुटकं फुटेज आहे ते लाव. तेव्हा दिसेल, आधी दिसणार नाही.

तू शेवटी विचारलंयस की एकच मॅच बघायला मिळाली तर कुठली. माझी ठरलेली आहे, १८ एप्रिल १९६२, बोस्टन गार्डन, फायनलची सातवी मॅच. लेकर्सकडे बेलर आणि जेरी वेस्ट, बेलरचे ४१, वेस्टचे ३५. शेवटच्या काही सेकंदांत १००-१०० आणि लेकर्सच्या फ्रँक सेल्व्हीचा बेसलाइनजवळून मोकळा शॉट, गेला असता तर लेकर्स चॅम्पियन, पण रिंगला लागून बाहेर आला आणि रिबाउंड रसेलने घेतला. ओव्हरटाइमला ११०-१०७ बोस्टन. रसेलचे त्या रात्री ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड, आणि ब्लॉक किती ते कोणी लिहून ठेवलं नाही. माझ्या यादीतले दोघं, रसेल आणि बेलर, एकाच कोर्टवर आहेत, अजून काय पाहिजे.

तू कुठल्या पोझिशनला खेळतोस ते खाली लिही, त्याप्रमाणे दोनतीन पूर्ण मॅचेसची नावं देतो. आणि त्या सिनियरना एकदा सहज विचार, विल्टची पहिल्या क्वार्टरपासून शेवटपर्यंत एक तरी मॅच बघितलीये का म्हणून.